एअर इंडियाच्या इमारतीत आता कोण बसणार?

दुपारची कामं आवरून निवांत बसला असाल तर उत्तमच, आणि भाजी निवडता निवडता ऐकत असाल तरी काही बिघडत नाही. आज मी तुम्हाला एका इमारतीची गोष्ट सांगणार आहे. वाडा नाही, देऊळ नाही, किल्ला नाही. काँक्रीटची, कचेऱ्यांची उंच इमारत.

मुंबईला गेलेल्या बहुतेक जणींनी ती पाहिलेली आहे. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून दक्षिणेकडे पाहिलं की टोकाला उंच इमारतींचा घोळका दिसतो. तो नरीमन पॉइंट. त्यातली अगदी समुद्राच्या तोंडावरची २३ मजली इमारत म्हणजे एअर इंडिया बिल्डिंग. कित्येक वर्षं तिच्या माथ्यावर एअर इंडियाचं चिन्ह झळकायचं आणि मुंबई दाखवणाऱ्या चित्रांमध्ये ती हमखास असायची.

मार्च २०२४ मध्ये ही इमारत महाराष्ट्र सरकारला १,६०१ कोटी रुपयांना देण्यास केंद्राने मंजुरी दिली. ती बातमी वाचून आपल्या एका मैत्रिणीने विचारलं, "ताई, पन्नास वर्षांची जुनी इमारत एवढे पैसे मोजून कशाला घ्यायची? आणि मुंबईतल्या त्या इमारतीशी आम्हा पुण्याच्या बायकांचा काय संबंध?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर द्यायला मात्र थोडं मागे जावं लागेल. ही इमारत उभी आहे ती जागा शंभर वर्षांपूर्वी जमीनच नव्हती. तिथे समुद्र होता.

मुंबई म्हणजे मुळात सात बेटं, आणि मधल्या खाड्या बुजवत बुजवत वाढलेलं शहर. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने बॅकबेचा, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या उपसागराचा भाग भरून काढायचं मोठं काम हाती घेतलं. खर्च वाढत गेला, काम रेंगाळलं, जनतेचा पैसा अक्षरशः समुद्रात चालला. तेव्हा खुर्शीद फ्रामजी नरीमन नावाच्या पारशी वकिलाने आवाज उठवला. कामातला गैरव्यवहार त्यांनी चव्हाट्यावर आणला. एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, पण नरीमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना 'वीर नरीमन' म्हणायचे.

गंमत बघा. ज्या माणसाने समुद्र बुजवण्यातला घोटाळा उघड केला, त्याचंच नाव त्या भरावाच्या टोकाला मिळालं. तेव्हा नरीमन पॉइंटची गोष्ट पहिल्यापासूनच एका प्रश्नाची आहे. जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं जनतेच्या कामाला येतंय की नाही?

स्वातंत्र्यानंतर भराव पुढे सरकला आणि सत्तरच्या दशकात तिथे उंच इमारती दिसू लागल्या. एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल आणि त्यांच्या शेजारी, १९७४ मध्ये पूर्ण झालेली एअर इंडियाची इमारत. तिचा आराखडा न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार जॉन बर्गी यांचा.

त्या काळात जगभर काँक्रीटच्या इमारतींची एक लाट आली होती. तिला 'ब्रूटलिझम' म्हणतात. नाव ऐकून वाटतं, काहीतरी क्रूर असणार. तसं नाही. फ्रेंच भाषेत 'बेताँ ब्रूत' म्हणजे कच्चं काँक्रीट, साच्यातून निघालं तसं. त्याला गिलावा नाही, रंग नाही, वरून संगमरवर नाही. आपल्याकडे हातसडीचा तांदूळ असतो ना, पॉलिश न केलेला, तसंच समजा. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं पुन्हा उभी करायची होती, पैसा कमी होता आणि सरकारांना शाळा, घरं, कचेऱ्या भराभर हव्या होत्या. त्या गरजेतून ही पद्धत फोफावली. भारतातही ती आली. चंडीगडमध्ये ल कॉर्बुझिए यांनी बांधलेलं सचिवालय हे तिचं ठळक उदाहरण. लांबच लांब, उघड्या काँक्रीटचं, सरकारी कामासाठीच बांधलेलं.

एअर इंडियाची इमारत त्या पंथातली अगदी सख्खी नव्हे, पण चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. काळ तोच, काँक्रीटवरचा विश्वास तोच, कमानी-नक्षीला फाटा देण्याची वृत्तीही तीच. जुन्या मुंबईत घुमट होते, दगडी कोरीवकाम होतं. हिला त्यातलं काहीच नको होतं. हिला सांगायचं होतं, की हा देश आता विमानाने जगात जातो.

आणि खरंच, त्या वेळी एअर इंडियाचा थाट तसाच होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन छोटं विमान आणलं, तिथून सुरुवात झाली. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये ती सरकारच्या मालकीची झाली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्ष जेआरडीच होते. मिशांचा, पगडीवाला, वाकून स्वागत करणारा 'महाराजा' तुम्हाला आठवत असेल. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र. पुण्यातल्या कितीतरी घरांत कुणी अमेरिकेला निघालं, की त्या महाराजाचं चित्र असलेली पिशवी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली असायची.

आता मैत्रिणींनो, या थाटामागच्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही बायकांच्या आहेत.

पहिली गोष्ट चित्रांची. एअर इंडियाने आपल्या कार्यालयांत लावायला चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली ती १९५६ च्या सुमारास, आणि सुरुवातीची चित्रं होती बी. प्रभा यांची. प्रभा नागपूर जिल्ह्यातल्या बेला गावच्या. नागपुरात आणि मग मुंबईत शिकल्या. तेव्हा त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या चित्रांत उंच, सडपातळ, गंभीर चेहऱ्याच्या बायका असतात. कोळणी, मजूर बायका, डोक्यावर पाटी घेतलेल्या. पुढे या संग्रहात हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्यांची चित्रं आली, हजारो वस्तू जमल्या. पण पाया एका मराठी बाईच्या हातचा होता. आता हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवला गेला आहे. भरावावरच्या त्या जागेचा मूळ शेजार कोळ्यांचा. त्याच कोळणी चित्रांतून एअर इंडियाच्या भिंतीवर गेल्या, हे मला फार बोलकं वाटतं.

दुसरी गोष्ट नोकरीची. जाहिरातीत साडी नेसलेली हवाई सुंदरी हसून नमस्कार करायची. पण तिच्या नोकरीचे नियम काय होते? वयाच्या ३५ व्या वर्षी निवृत्ती, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर निवृत्ती, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की निवृत्ती. यातलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर नोकरी वाढवून मिळायची ती व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर, एकेक वर्ष करत. त्याच विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत.

विचार करा. बाई गरोदर राहिली म्हणजे तिची नोकरी गेली. चूक काय, तर तिला मूल होणार.

या बायका गप्प बसल्या नाहीत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गरोदरपणामुळे नोकरी संपवण्याचा नियम रद्द झाला. तो मनमानी आहे, स्त्रीत्वाचा अपमान करणारा आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. संचालकांच्या मर्जीवर मुदतवाढ देण्याची तरतूदही गेली. पण सगळं मिळालं नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने योग्य ठरवली, आणि पुरुष कर्मचाऱ्यांशी बरोबरीही मान्य केली नाही, कारण दोघांची भरतीच वेगळ्या वर्गात होते असं म्हटलं. पुढची कितीतरी वर्षं युनियनमध्ये आणि न्यायालयांत झगडत वयाची अट टप्प्याटप्प्याने पुढे सरकली. कायदा शिकणाऱ्या मुली हा निकाल आजही वर्गात वाचतात, अर्ध्या विजयाचा निकाल म्हणून.

तो खटला चालू होता तेव्हा कंपनीचं मुख्यालय नरीमन पॉइंटच्या याच इमारतीत होतं. म्हणून मी म्हणते, इमारतीचा इतिहास म्हणजे नुसता आराखडा आणि मजले नव्हेत. आत कोणते नियम चालत होते, आणि ते कुणी बदलायला लावले, हाही इतिहासच.

आता १२ मार्च १९९३ कडे येऊ. शुक्रवारचा दिवस. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. पुढच्या दोन-सव्वादोन तासांत मुंबईत एकामागून एक स्फोट होत गेले. त्यातला एक एअर इंडियाच्या इमारतीत, मोटारीत ठेवलेल्या स्फोटकांचा. तिथे २० माणसं गेली, कित्येक जखमी झाली. त्या दिवशी शहरात एकूण २५७ जीव गेले. कुणी डबा खायला खाली उतरलेलं, कुणी टपाल द्यायला आलेलं, कुणी रस्त्याने चाललेलं.

इमारत मात्र कोसळली नाही. अशा इमारतीत भार पेलतात ते खांब, तुळया आणि स्लॅब. मधल्या भिंती आणि काचा म्हणजे नुसता आडोसा. स्फोटात आडोसा उडतो, पण सांगाडा शाबूत राहिला तर वरचे मजले उभे राहतात. पडझड दुरुस्त झाली आणि कामकाज पुन्हा सुरू झालं. माणसं मात्र परत आली नाहीत.

त्यानंतर कंपनीचेच दिवस फिरले. खाजगी विमानं आली, स्पर्धा वाढली. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं आणि तोटा वाढत गेला. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं. घरात चणचण आली की आपण वरची खोली भाड्याने देतो, तसे या इमारतीचे मजले बाहेरच्यांना भाड्याने गेले. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, पण ही इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती केंद्र सरकारच्या एका वेगळ्या कंपनीकडे राहिली, आणि जमीन तर पूर्वीपासून महाराष्ट्र सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. राज्य सरकारने आधीही इमारत घ्यायचा प्रयत्न केला होता, पण किमतीवर जमलं नव्हतं. शेवटी १,६०१ कोटींवर ठरलं. त्यासोबत राज्याने आपलं सुमारे २९८ कोटींचं येणंही सोडून दिलं.

आता मैत्रिणीचा पहिला प्रश्न. घ्यायची कशाला?

त्याचं मूळ २१ जून २०१२ च्या आगीत आहे. त्या दिवशी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले जळाले. पाच माणसं गेली. फायली गेल्या. जागा अपुरी पडली आणि अनेक विभाग मुंबईत इकडेतिकडे विखुरले, काही भाड्याच्या जागांत गेले. भाडं जातं सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून.

या विखुरण्याचा त्रास कुणाला होतो, ते मला स्वतःला माहीत आहे. माझ्या सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा एक कागद अडला होता. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून आम्ही दोघी मुंबईला गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. पत्त्यावर पोचलो तर कळलं, तो विभाग तिथून हलला. कुठे हलला, ते सांगणारी पाटी नाही. टॅक्सी करून दुसरीकडे गेलो, तिथून तिसरीकडे. योग्य टेबलाशी पोचलो तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या, कारण बाक नव्हतं. म्हणाल्या, "अगं, यांचं घर सापडलं असतं तर मी वरणभाताचा डबा तरी आणला असता!" आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण कागद त्या दिवशी झालाच नाही.

तेव्हा विखुरलेल्या कचेऱ्या मंत्रालयापासून चालत जाता येईल अशा एका ठिकाणी आल्या, तर फायदा आपलाच. हा झाला मैत्रिणीच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा जवाब. पुण्याच्या, साताऱ्याच्या, नगरच्या बाईचं अडलेलं काम पुष्कळदा मुंबईलाच जाऊन थांबतं.

"पण मग नवीनच का नाही बांधायची?" हेही विचारायला हवं. आपल्या कोथरूडला, सहकारनगरला, डेक्कनला पाहतोच आपण. तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतायत. काही खरोखर धोकादायक असतात, त्या पाडाव्याच लागतात. पण जुनं म्हणजे टाकाऊच, असं काँक्रीटच्या बाबतीत म्हणता येत नाही. जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड माणूस हवेत सोडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. उभा असलेला भक्कम सांगाडा पाडला, की आधी जाळलेला कोळसा वाया आणि नव्याने जाळायचा तो वेगळाच. शिवाय राडारोडा कुठे टाकायचा, तोही प्रश्न.

अर्थात, सांगाडा भक्कम आहे का, हे तपासावं लागतं. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेतलं मीठ हळूहळू आत शिरतं, सळ्यांना गंज चढतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. पुण्यात समुद्र नाही, पण गळक्या गच्चीतून आणि बाथरूममधून मुरणारं पाणीही सळ्या गंजवतंच. छताचा पोपडा पडला, सळई दिसू लागली, तुळईवर सळईच्या रेषेत भेग गेली किंवा तांबडा डाग उमटला, तर वर नुसता रंग मारून घेऊ नका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत जरूर विचारा, आपलं शेवटचं कधी झालं?

जुन्या काँक्रीटचं काय करायचं, याची दोन उत्तरं जगाने पाहिली आहेत. दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवाल यांनी १९७२ मध्ये उभारलेलं 'हॉल ऑफ नेशन्स' हे काँक्रीटच्या जाळीचं भव्य दालन एप्रिल २०१७ मध्ये पाडलं गेलं. जगभरचे जाणकार नको नको म्हणत होते. उलट अमेरिकेत बॉस्टन शहराची महापालिका १९६८ पासून अशाच एका धिप्पाड काँक्रीटच्या इमारतीत बसते. कित्येक वर्षं लोक तिला कुरूप म्हणायचे, पाडा म्हणायचे. शहराने ती पाडली नाही, तिच्यात सुधारणा केल्या आणि २०२५ मध्ये तिला वारशाचा दर्जा दिला. सुंदर दिसण्यापेक्षा लोकांना आत यायला सोपी होणं, हे तिथे महत्त्वाचं ठरलं.

एअर इंडियाच्या इमारतीचं उत्तर आपण ठरवायचं आहे. 'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. खाजगी कंपनीने इमारत घेतली असती, तर आतल्या जागेचं काय करायचं ते त्यांनी पाहिलं असतं. ही आता राज्याची आहे, म्हणजे तिच्याकडून काय हवं ते मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

मग काय मागायचं? मोठमोठ्या गोष्टी नकोत. तळमजल्यावर शुद्ध मराठीत पाटी असावी, कोणता विभाग कोणत्या मजल्यावर. विचारायला माणूस असावा. गुडघे दुखणाऱ्या बाईला बसायला बाक असावं. व्हीलचेअरसाठी उतार असावा. बायकांची स्वच्छतागृहं स्वच्छ आणि उघडी असावीत, कुलूप लावून किल्ली साहेबांकडे असं नको. आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना मोकळा असावा, त्यात जुनी कपाटं रचलेली नसावीत. मंत्रालयाच्या आगीनंतर एवढं तरी शिकायला हवं. आणि भिंतीवर बी. प्रभांच्या एखाद्या चित्राची प्रत लावली, तर किती छान होईल!

आणखी एक गोष्ट हवीच. हिरकणी कक्ष. तान्ह्या बाळाला घेऊन कामाला आलेल्या बाईला आडोशाला बसून दूध पाजता येईल, अशी खोली. एसटी स्थानकांवर आपण पाहतो ती. इतर कचेऱ्यांत ती असावी हे तर झालंच, पण या इमारतीत ती असण्याला वेगळा अर्थ आहे. दिवस गेले म्हणून ज्या कंपनीत बाईची नोकरी जायची, तिचं हे मुख्यालय होतं. तिथेच उद्या एखादी लिपिक, एखादी अधिकारी किंवा आपल्यासारखी अर्ज घेऊन आलेली बाई बाळाला मांडीवर घेऊन निवांत बसली, तर नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९८१ मध्ये अर्धी राहिलेली गोष्ट थोडी पुढे गेली, असं मी म्हणेन.

तुमच्यापैकी कुणाचं नरीमन पॉइंटच्या कचेऱ्यांत काम अडलं असेल, कुणी त्या इमारतीत नोकरी केली असेल, तर आम्हाला नक्की कळवा. आणि पुढच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसाल, तेव्हा समुद्राकडे बघून झालं की एकदा त्या इमारतीकडेही बघा.

आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.